खेळात सिद्दी कोण होणार?

पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या आडोशाला पोरांना खेळायला आयती जागा मिळते. मुरूडकडच्या आमच्या भागात पोरांचा लाडका खेळ म्हणजे जंजिऱ्याची लढाई. एका होडीला किल्ला म्हणायचं, निम्म्यांनी आत राहायचं, निम्म्यांनी बाहेर, आणि ओल्या वाळूचे गोळे एकमेकांवर फेकायचे. मीही लहानपणी हा खेळ खेळलो आहे.

गेल्या जुलैत माझा अकरा वर्षांचा भाचा एकदा हा खेळ अर्ध्यावर टाकून घरी आला. पायाची वाळू न धुताच पडवीत बसून राहिला. दोन-तीनदा विचारल्यावर म्हणाला, “मामू, मला रोज सिद्दीच करतात.”

“मग आज मी मावळा होणार, असं सांग ना.”

“सांगितलं. तर म्हणाले, तुझं नाव बघ.”

त्याची आई आतून म्हणाली, “जाऊ दे भाईजान, पोरंच ती. संध्याकाळी परत एका ताटात खातील.” तिचं खरं होतं. ज्या पोराने हे वाक्य म्हटलं तो शेजारच्या कोळ्यांच्या घरातला. ईदला आमच्याकडे दिवसभर असतो आणि नारळी पौर्णिमेला आमची पोरं त्यांच्याकडे असतात. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कुणाच्याच मनात नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं. खेळाला दोन बाजू हव्या होत्या, पटकन वाटायच्या होत्या, आणि वाटायला सगळ्यात सोपी खूण म्हणून नावं हाताशी होती.

आता यात इतिहास किती आहे तेही पाहू. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. आमचं घराणं कोकणी मुसलमानांचं, पिढ्यान्‌पिढ्या होड्यांवर पोट भरणारं. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत आमच्या पूर्वजांनी नवाबाला जसा सारा भरला, तसाच शेजारच्या कोळ्यांनी आणि आगऱ्यांनीही भरला. सत्ता दोघांनीही भोगली नाही. पण अंगणातल्या खेळात शेजारी मावळा होतो आणि माझा भाचा सिद्दी होतो.

मी पोरांना बसवून भाषण देऊ शकलो असतो. दिलं असतं तर त्यांनी माना डोलावल्या असत्या आणि पुढच्या वेळी माझ्या नजरेआड जाऊन तोच खेळ खेळला असता. माझं मत असं आहे की खेळात बिघडलेली गोष्ट खेळातच दुरुस्त करावी. म्हणून मी एका संध्याकाळपुरता एक खेळ तयार केला. तो कसा केला आणि त्यातून मला काय कळलं, हे सांगण्यासाठी हा लेख.

सोंगाचा खेळ

‘रोलप्लेइंग गेम’ हा शब्द आपल्याकडे शहरातल्या पोरांना माहीत असतो. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात, प्रत्येकाने एका पात्राचं सोंग घेतलेलं असतं, एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो आणि विचारतो, “आता तू काय करतोस?” उत्तर द्यायचं, गरज पडली तर फासा टाकायचा, गोष्ट पुढे सरकते. यात अनोळखी काही नाही. भातुकली हा आपला जुना सोंगाचाच खेळ आहे, फक्त त्यात फासा नसतो.

या खेळांचा जन्म मला फार बोलका वाटतो. १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेसली नावाच्या तरुणाने आपल्या मित्रांसाठी एक युद्धखेळ मांडला. तोवरच्या युद्धखेळांत दोन बाजू असत, दोन सेनापती असत आणि टेबलावर शिशाचे सैनिक हलत. वेसलीकडे खेळाडू जास्त झाले. मग त्याने ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव घेतलं आणि उरलेल्यांना त्या गावातली माणसं वाटून दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं होतं. खेळाडू आपसांत कुजबुजू लागले, सौदे करू लागले, लढाई बाजूलाच राहिली. वेसलीला वाटलं, आपला खेळ फसला. मित्र म्हणाले, पुन्हा कधी खेळायचं? त्याच मंडळीतल्या डेव्ह आर्नसनने पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ केला. तो १९७४ मध्ये बाजारात आला आणि जगभर पसरला.

म्हणजे बाजू वाटण्याऐवजी माणसं वाटली, त्या दिवशी हा खेळ जन्मला. मला अंगणासाठी नेमकं हेच हवं होतं.

जाडजूड नियमांची तयार पुस्तकं मागवता आली असती. पण ती महाग, इंग्रजीत, आणि त्यांतले राक्षस नि बुटके आमच्या पोरांच्या ओळखीचे नाहीत. शिवाय माझ्याकडे एकच संध्याकाळ होती. पावसाने मैदान बंद, लाईट गेलेली, पडवीत सहा पोरं. असरनंतर बसायचं आणि मगरीबच्या अजानआधी उठायचं, कारण शेजारच्या घरातही तिन्हीसांजेला पोरं घरात हवी असतात. या बाबतीत दोन्ही घरांचा कायदा एकच आहे.

जागा कुठली घ्यायची?

जंजिरा घ्यायचा नाही, हे मी आधी ठरवलं. त्या नावाला पोरांच्या डोक्यात दोनच खाने आहेत. खरं तर किल्ल्याच्या आतसुद्धा एक बाजू नव्हती. १६७० च्या सुमाराला किल्लेदार फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करायच्या तयारीला आला, तेव्हा त्याच्याच सिद्दी साथीदारांनी त्याला कैद करून मोगलांचा आसरा घेतला. यावर पुढे कधी खेळ करीन. पहिल्या खेळासाठी मी खंदेरी घेतली.

खंदेरी म्हणजे अलिबागच्या उत्तरेला, थळसमोर समुद्रात उभं असलेलं बेट. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत हा जलदुर्ग आहे. ऑगस्ट १६७९ मध्ये महाराजांच्या हुकुमावरून मायनाक भंडारी माणसं घेऊन या बेटावर उतरला आणि त्याने तट बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडाशीच किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रज घाबरले. त्यांनी जहाजं पाठवली, भाड्याची शिबाडं पाठवली, नाकेबंदी केली. मराठ्यांच्या आरमाराचं नेतृत्व दौलतखानाकडे होतं. ऑक्टोबरमध्ये समुद्रात लढाई झाली. पुढे सिद्दीचं आरमार इंग्रजांच्या मदतीला आलं आणि त्याने शेजारच्या उंदेरी बेटावर आपला तट उभारला. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून, मराठ्यांच्या होड्या वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्री अंधारात या लहान होड्या नाकेबंदीतून निसटून बेटावर धान्य पोचवत. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला आणि खंदेरी मराठ्यांकडे राहिली.

या प्रसंगात नावावरून बाजू ओळखायला गेलं की माणूस फसतो. महाराजांच्या आरमाराचा दर्यासारंग दौलतखान, सिद्दी इंग्रजांच्या सोबतीला, आणि इंग्रजांच्या शिबाडांवर याच किनाऱ्यावरचे खलाशी.

सहा चिठ्ठ्या, पाच चिंचोके, एक फासा

खेळाचं सामान असं: सहा चिठ्ठ्या, मूठभर चिंचोके, लुडोचा एक फासा, एक पाटी.

प्रत्येक चिठ्ठीवर तीन ओळी. तू कोण आहेस, आज तुला काय हवंय, आणि तुला काळजी कुणाची. माणसं मी कल्पनेने केली, पण त्या समुद्रावर अशी माणसं असणारच होती. खंदेरीवर दगड रचणारा गवंडी. रात्री पाणी आणि तांदूळ पोचवणारा थळचा कोळी. दौलतखानाच्या गलबतावरचा गोलंदाज. इंग्रजांनी भाड्याने घेतलेल्या शिबाडाचा तांडेल. सिद्दीच्या गलबतावरचा वल्हेकरी. आणि थळच्या किनाऱ्यावर मासळी विकणारी बाई, जिला सगळ्यांच्या बातम्या माहीत असतात.

दोन गोष्टी मी मुद्दाम केल्या. एक, चिठ्ठीवर नाव लिहिलं नाही, फक्त काम लिहिलं. नाव आलं की त्यामागून सगळं येतं. दुसरी, तिसऱ्या ओळीतलं काळजीचं माणूस नेहमी दुसऱ्या एखाद्या चिठ्ठीत ठेवलं. गोलंदाज हा गवंड्याचा मुलगा. शिबाडाचा तांडेल हा मासळीवालीचा भाऊ. त्यामुळे ज्या शिबाडावर तोफ रोखायची, त्यावर गावातल्याच कुणाचा तरी भाऊ निघतो.

नियम चार. प्रत्येकाला पाच चिंचोके, हा त्याचा दम. आपल्या पाळीला काय करतोस ते सांगायचं; बिघडण्यासारखं असेल तरच फासा टाकायचा. १ किंवा २ पडलं तर काम फसलं आणि एक चिंचोका गेला. ३ किंवा ४ पडलं तर काम झालं, पण काहीतरी मोजावं लागलं: एक चिंचोका, नाहीतर एखादं गुपित. ५ किंवा ६ पडलं तर काम फत्ते. दम संपला तर माणूस मरत नाही. दुसऱ्या कुणीतरी त्याला आपला चिंचोका द्यावा लागतो. हा नियम मी सर्वांत शेवटी घातला आणि तोच सगळ्यात जास्त कामी आला.

वेळ पाळण्यासाठी पाटीवर सहा रेघा ओढल्या, तीन भरतीच्या आणि तीन ओहोटीच्या. सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक रेघ पुसायची. भरतीत मोठी जहाजं बेटाजवळ येऊ शकतात, ओहोटीत फक्त होड्या. किनाऱ्यावरच्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. सहा जण, सहा रेघा, म्हणजे छत्तीस पाळ्या. पाळीला तीन मिनिटं धरली तरी दोन तासांच्या आत खेळ आटोपतो. शेवटची रेघ पुसली की लढाई कुठेही असो, खेळ थांबतो आणि प्रत्येकाने एवढंच सांगायचं: तू घरी पोचलास का, कसा?

एका बैठकीच्या खेळाला शेवट आधी ठरलेला हवा. नाहीतर पोरं लढत राहतात आणि मोठी माणसं कंटाळून उठतात.

जिथे माझं चुकलं

चिठ्ठ्या टोपीत घालून काढायला लावल्या. भाच्याला शिबाडाचा तांडेल आला. आणि ज्याने “तुझं नाव बघ” म्हटलं होतं, त्या शेजारच्या पोराला आला सिद्दीचा वल्हेकरी.

त्याचा चेहरा पडला. “काका, मला ही नको.”

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. आता कळू दे त्याला, असं मनात आलं. पण पोराशी हिशेब चुकता करायला मी खेळ मांडला नव्हता. मी त्याची चिठ्ठी घेऊन पुन्हा वाचली तेव्हा माझीच चूक दिसली. बाकी पाच चिठ्ठ्यांवर मी हौसेने लिहिलं होतं: तटाची उंची, लपवलेला तांदूळ, भावाची वाट. या एका चिठ्ठीवर ‘सिद्दीच्या गलबतावर वल्हं मारतोस, धन्याचा हुकूम पाळायचा’ एवढंच. हवं काय, काळजी कुणाची, दोन्ही जागा जवळजवळ रिकाम्या. म्हणजे सिद्दीकडच्या माणसाला मीसुद्धा माणूस केलं नव्हतं. अंगणातल्या पोरांनी केलं तेच मी केलं होतं, शाई लावून.

मी त्याला म्हटलं, “ही चिठ्ठी माझी चुकली. तूच पुरी कर. याच्या घरी कोण आहे?”

त्याने थोडा विचार केला. “आई आहे. आणि होडी गहाण आहे. म्हणून हा दुसऱ्याच्या गलबतावर गेलाय.”

गहाण पडलेली होडी म्हणजे काय ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यानंतर तो ज्या ईर्ष्येने खेळला तसं दुसरं कुणी खेळलं नाही. तिसऱ्या रेघेला भाच्याच्या शिबाडाला गोळा लागला, त्याचे चिंचोके संपले. चिंचोका द्यायला दोघंच जवळ होते: गोलंदाज, ज्याने गोळा टाकला, आणि वल्हेकरी, ज्याच्याकडे दोनच उरले होते. वल्हेकऱ्याने एक दिला. फुकट नाही दिला. “मुंबईला गेलास की माझ्या होडीचे पैसे सोडवायला मदत करायची,” असा सौदा करून दिला. मध्येच कुणीतरी विचारलं होतं, “हा तांडेल हिंदू की मुसलमान?” मी म्हटलं, ज्याची चिठ्ठी आहे त्याने सांगावं. भाचा म्हणाला, “थांब रे, आधी पाणी उपसू दे.” विषय तिथेच राहिला.

आक्षेप

हे सगळं मी एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, “खेळच तो, एवढं काय मनावर घ्यायचं?” मला वाटतं, मनावर घ्यायचं असतं ते खेळातलंच. भातुकलीत रोज पोळ्या लाटायला मुलीच बसल्या की पुढे कुणाला ते शिकवावं लागत नाही. रोज सिद्दी होणारं पोर एक दिवस स्वतःच होडीच्या आत जाऊन बसतं. त्याला कुणी सांगायचीही गरज उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. असे खेळ इतिहास गुळगुळीत करतात, सगळे भाऊ-भाऊ असल्याचा देखावा करतात. तसं होऊ नये हे मलाही मान्य आहे. सिद्दीच्या आरमाराने या किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं पकडून नेली. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून जंजिऱ्यापर्यंत वाट करायला घेतली, ती काही हौस नव्हती. कोळी घरांतल्या आठवणी खऱ्या आहेत. खेळात तोफ डागली जाते आणि शिबाड बुडतं, तेही राहू द्यावं. फक्त ज्याच्या हातात वल्हं आहे त्यालाही घर असतं, एवढं चिठ्ठीवर लिहावं.

तिसरी गोष्ट आमच्याच घरातली आहे. खेळाची तयारी चालली असताना आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी सल्ला दिला, “पोराला दौलतखानच कर. दाखव त्यांना, आपणही महाराजांच्या बाजूने होतो.” सल्ला प्रेमाचा होता, मोहही झाला. आमच्याकडे ही सवय आहे. कुणी नावावर बोट ठेवलं की आम्ही दौलतखान, मदारी मेहतर, सिद्दी इब्राहिम अशी नावं प्रमाणपत्रासारखी पुढे करतो. दौलतखानाबद्दल मला आदर आहे, आणि पोरांना त्याचं नाव माहीत असायलाच हवं. पण अकरा वर्षांच्या पोराला अंगणातल्या खेळात मावळा व्हायला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या दर्यासारंगाची शिफारस लागू नये. आज तांडेल, उद्या मावळा, परवा सिद्दी, असं त्याला होता यावं आणि शेजारच्या पोरालाही होता यावं. दोघांनाही सगळी सोंगं मोकळी हवीत.

शाळांतल्या शिक्षकांना, शिवजयंतीला मुलांसाठी काही करू पाहणाऱ्या मंडळांना आणि घरातल्या मामा-काकांना माझं सांगणं एवढंच आहे. आपल्या गावाजवळचा एक प्रसंग घ्या. सहा चिठ्ठ्या करा. नाव लिहू नका, काम लिहा. सगळ्यात नावडत्या चिठ्ठीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आणि चिठ्ठ्या टोपीतून काढायला लावा.

या खेळाने अंगण बदललं असं मी म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात पाऊस उघडला आणि होड्यांपाशी पुन्हा जंजिऱ्याचीच लढाई सुरू झाली. खंदेरी कुणाला आठवलीही नाही. मी पडवीतून पाहत होतो. बाजू वाटायची वेळ आली तेव्हा भाच्याने झाडूच्या काड्या मुठीत धरून पुढे केल्या. आखूड काडी ज्याला, तो सिद्दी. शेजारच्या पोराने कुरकुर न करता पहिली काडी ओढली.

लांब निघाली. दुसरी भाच्याने ओढली, ती आखूड. तो हसत होडीत चढला आणि पहिला वाळूचा गोळा त्यानेच मारला.